गाणे विकावे की बटईने द्यावे : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यात शेत विकायची वेळ आली की घरातले सगळे एकत्र बसतात, सातबारा पाहिला जातो, चतुःसीमा लिहिल्या जातात. विकल्यावाचून भागणार असेल, तर वर्षा-दोन वर्षांच्या बोलीने मक्त्याने किंवा बटईने देण्याचा मार्ग आधी शोधला जातो. गाण्याच्या बाबतीत मात्र व्यवहार वर्षानुवर्षे उलटा होत आला. तुळजापूरच्या भवानीचे, येरमाळ्याच्या येडाईचे, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचे गाणे म्हणणारे आराधी, गोंधळी, वाघ्या-मुरळी, भीमगीते लिहिणारे-गाणारे, भजनी मंडळी यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा तो सहसा एका सहीत कायमचा दुसऱ्याचा झाला. किती वर्षांसाठी दिला, कोणत्या माध्यमापुरता दिला, हिशेब कोण ठेवणार आणि कधी दाखवणार, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले. हे पुस्तक त्या प्रश्नांविषयी आहे. मोठ्या संगीत कंपनीच्या कराराला पर्याय म्हणून आज स्वतंत्र लेबलांकडे बोट दाखवले जाते आणि ते योग्यही आहे. पण लेबलचे स्वतंत्र असणे त्याच्या लहान आकारात शोधणे फसवे ठरते. ते शोधायचे कराराच्या कलमांत, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. त्यासाठी आधी थोडा इतिहास पाहावा लागेल, मग कायदा आणि शेवटी या जिल्ह्याची परिस्थिती.

संगीत कंपनी मुळात चार कामे करते : पैसा घालते, ध्वनिमुद्रण करवते, माल बाजारात पोचवते आणि त्याचा गाजावाजा करते. मोबदल्यात ती मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी मागते. जगाच्या बाजारात युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्या सर्वांत मोठ्या आहेत. भारतात टी-सीरिज आणि सारेगामा यांचा पसारा मोठा आहे. मोठ्या कंपनीच्या करारात ठरावीक काळ दुसरीकडे न गाण्याची अट असते. कलावंताला उचल मिळते, पण ती त्याच्याच वाट्यातून वळती होते. स्टुडिओचा, चित्रीकरणाचा, प्रसिद्धीचा खर्चही पुष्कळदा त्याच खात्यावर चढतो. उचल फिटेपर्यंत हाती काही येत नाही आणि फिटल्यावरही मुद्रण कंपनीचेच राहते. याला कायद्याचा आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार घेऊन त्याची जबाबदारी उचलणारा. गळा कुणाचा होता, संबळ कुणी वाजवला, यावरून ही मालकी ठरत नाही. प्रकाशनानंतर साठ वर्षे ती टिकते, म्हणजे गायकाच्या नातवंडांपर्यंत पोचते. फक्त ती त्याच्या घरात नसते.

ही पद्धत रुजली ती मक्तेदारीच्या काळात. भारतातली पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ मध्ये कोलकात्यात झाली आणि काही वर्षांतच ग्रामोफोन कंपनीने सियालदहला कारखाना काढला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्रभर चालणाऱ्या गोंधळाला त्या तीन मिनिटांत जागा नव्हती आणि तबकडी परवडणारा ग्राहकही खेड्यात नव्हता. १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या कंपन्या इंग्लंडमध्ये एकत्र आल्या. त्यामुळे बाजारात वेगवेगळ्या दिसणाऱ्या तबकड्यांच्या मागे एकच मालक उभा राहिला. या पार्श्वभूमीवर मुंबईत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘यंग इंडिया’ या देशी लेबलचे महत्त्व मोठे आहे. नामांकित कलावंत मोठ्या कंपन्यांशी बांधलेले असल्याने या लेबलने नव्या, हौशी आणि स्थानिक गायकांना तबकडीवर आणले. पर्यायी लेबलचा पहिला गुण इथे दिसतो : ज्यांना दार बंद आहे त्यांच्यासाठी ते उघडते. पण दार उघडणे आणि घरात हिस्सा देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुढच्या अर्धशतकात त्यांची गल्लत होत राहिली.

कॅसेटने ती गल्लत वाढवली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून टेपरेकॉर्डर घराघरात आला आणि कॅसेट भरून विकण्याचा धंदा थोड्या भांडवलात करता येऊ लागला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात या बदलाची नोंद केली आहे : ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे एचएमव्हीची, पकड सुटली, प्रादेशिक आणि लोकसंगीताला प्रथमच स्वतःची बाजारपेठ मिळाली. महाराष्ट्रातही हेच घडले. पुण्यात सुरेश अलूरकर यांच्या अलूरकर म्युझिक हाऊसने अभिजात गायकांचे ध्वनिमुद्रण रसिकतेने जपले. लोकगीते, भक्तिगीते आणि भीमगीते यांच्या कॅसेटींनी यात्रांमधली दुकाने भरली, आणि मोठ्या कंपनीला ज्या गायकांत रस नव्हता त्यांची नावे गावोगाव पोचली. सांस्कृतिकदृष्ट्या ही मोठी मुक्तता होती, हे मान्य केलेच पाहिजे. कराराच्या दृष्टीने मात्र फारसे बदलले नाही. कॅसेट-व्यवसायाची सर्वसाधारण रीत ठोक रक्कम देण्याची होती : एवढी गाणी, एवढे पैसे, व्यवहार संपला. किती प्रती खपल्या हे गायकाला कळायची सोय नव्हती. बनावट कॅसेटींच्या सुळसुळाटामुळे ते बऱ्याचदा निर्मात्यालाही नीट कळत नसे. एचएमव्हीला आव्हान देत १९८३ मध्ये उभी राहिलेली टी-सीरिज आज देशातली सर्वांत बलाढ्य संगीत कंपनी आहे. आजची लहान कंपनी उद्या मोठी होते. तेव्हा तिच्या आजच्या लहानपणावर विसंबून सही करणे धोक्याचे.

ठोक रकमेची ही रीत इतकी सहज का स्वीकारली गेली, याचे उत्तर केवळ गरिबीत सापडत नाही. देवीच्या दारी किंवा लग्नघरी गाणाऱ्याला बिदागी मिळते. ती देणाऱ्याच्या मनावर असते. तिचा हिशेब मागणे म्हणजे अपमान समजला जातो. विधिगायन जातीशी बांधलेले असल्याने ही देण्याघेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली. कॅसेटवाल्याने हातावर ठेवलेली रक्कम तिच्यासारखीच दिसली, आणि गायकाने ती त्याच भावनेने घेतली. पण बिदागी देणारा यजमान गाणे ऐकतो आणि घरी जातो. गाणे त्याच्याकडे राहत नाही. पुढच्या घरी तोच गोंधळी तेच गाणे पुन्हा गातो आणि पुन्हा बिदागी घेतो. ध्वनिमुद्रणात गाणे देणाऱ्याकडून निघून घेणाऱ्याकडे मुक्कामाला जाते. दोन्ही ठिकाणी एकदाच पैसे मिळाले, तरी पहिल्या व्यवहारात श्रमाचे मोल दिले जाते आणि दुसऱ्यात मालमत्तेचे. मालमत्तेचा व्यवहार श्रमाच्या भावाने झाला, ही या इतिहासातली मूळ अडचण आहे. ती ओळखली नाही, तर लेबल कितीही जवळच्या माणसाचे असले तरी तीच चूक पुन्हा होईल.

परदेशातली दोन उदाहरणे हा मुद्दा दोन्ही बाजूंनी स्पष्ट करतात. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट हिचे पहिले सहा अल्बम बिग मशीन या नॅशव्हिलच्या स्वतंत्र लेबलने काढले. लेबल स्वतंत्र होते, पण मुद्रणांची मालकी त्याच्याकडे होती. २०१९ मध्ये ते विकले गेले आणि गाणीही त्याबरोबर, तिच्या इच्छेविरुद्ध, दुसऱ्याच्या हाती गेली. तिने त्यातले चार अल्बम पुन्हा गाऊन काढले आणि २०२५ मध्ये मूळ मुद्रणे विकत घेतली. हे तिला जमले, कारण तिच्याकडे पैसा आणि प्रचंड श्रोतावर्ग होता. येरमाळ्याच्या गायकाला हा उपाय उपलब्ध नाही. दुसरे उदाहरण मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या लेबलने संगीतकारांची कामे संगीतकारांच्याच मालकीची ठेवली आणि नफा निम्मा-निम्मा वाटला. हिशेबाच्या बाबतीत ते गलथान होते आणि १९९२ मध्ये बुडाले. मोठी कंपनी त्याला विकत घ्यायला आली, तेव्हा विकण्याजोगी गाणी लेबलच्या ताब्यातच नव्हती, असे उघडकीस आले. फॅक्टरीची ही गोष्ट सहसा भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगतात. कलावंताच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ निराळा निघतो. लेबल बुडाले, पण गाणी त्याच्या कर्जात ओढली गेली नाहीत.

आता खऱ्या पर्यायांकडे वळू. सुरुवातीची शेतीची उपमा इथे उपयोगी पडते, कारण शेतकऱ्याला विक्रीखेरीज तीन मार्ग माहीत आहेत आणि संगीतातही तेच तीन आहेत. पहिला मक्त्याचा : ठरावीक रक्कम घेऊन गाणे तीन किंवा पाच वर्षांसाठी लेबलला वापरायला द्यायचे, मुदत संपली की ते परत येते. दुसरा बटईचा : लेबल खर्च करते, खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न निम्मे-निम्मे वाटले जाते आणि मालकी गायकाकडे राहते. लंडनच्या रफ ट्रेडसारख्या लेबलांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निम्म्या वाट्याची ही रीत रूढ केली. तिसरा आडतीचा : गायक स्वतःच्या खर्चाने मुद्रण करतो आणि वितरक ते यूट्यूब, स्पॉटिफाय यांसारख्या ठिकाणी पोचवून फक्त आपले शुल्क किंवा टक्का घेतो. आडत्या मालाचा मालक होत नाही, तसा वितरकही होऊ नये. तिन्ही मार्ग आज शक्य झाले आहेत ते खर्च घटल्यामुळे. कॅसेटच्या काळात पुण्या-मुंबईचा स्टुडिओ, वादकांचा ताफा, कॅसेट भरणे, वेष्टन छापणे, विक्रेत्यांची साखळी एवढे सगळे लागे. ती जोखीम उचलणाऱ्याने मालकी मागितली, तर त्यामागे काही तर्क होता. आज बरा मायक्रोफोन आणि संगणक तालुक्याच्या गावात आहे, वितरणाला गोदाम लागत नाही. जोखीम कमी झाली, पण तिच्या बदल्यात मागितली जाणारी किंमत अजून तीच आहे. शिवाय निर्मात्याची कायद्यातली व्याख्या इथे गायकाच्या बाजूने वळते : मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी त्याने स्वतः घेतली, तर कर्ता तोच ठरतो.

कायद्याने २०१२ मध्ये आणखी काही आधार दिला. त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा कराराने काढून घेता येत नाही, आणि गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून मानधन मिळण्याचा हक्क आहे. हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात नसलेले माध्यम करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते त्यात धरता येत नाही. जुन्या कॅसेट-करारांना ही तरतूद कितपत लागू होते हा वादाचा प्रश्न आहे, पण नव्या करारांसाठी ती मोलाची आहे. कराराला लेखी स्वरूप हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे, गायकांसाठी २०१३ मध्ये इसरा स्थापन झाली. हे हक्क आपोआप पदरात पडलेले नाहीत. लता मंगेशकरांनाही १९६० च्या दशकात गायकांच्या मानधनासाठी निर्मात्यांशी भांडावे लागले होते आणि याच प्रश्नावर त्यांचा मोहम्मद रफींशी दुरावा झाला होता. मात्र मुदत न लिहिलेल्या कराराला पाच वर्षांची मर्यादा घालणारा हाच कायदा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहिलेल्या करारापुढे थांबतो. म्हणून कायद्यावर विसंबून करार न वाचणे परवडणारे नाही.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप रोख रकमेचा. ज्याच्या घरी आज पैसा हवा आहे त्याला पाच वर्षांतल्या वाट्याचे काय, असे विचारले जाते. हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे आणि ठोक रक्कम घेणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. पण रोख रक्कम आणि कायमची मालकी यांची गाठ निसर्गाने बांधलेली नाही. तीच रक्कम मुदतीच्या मक्त्यापोटी घेता येते. थोडी कमी मिळाली, तरी गाणे परत येते आणि पुन्हा देता येते. दुसरा आक्षेप पोचेचा : मोठी कंपनी एका रात्रीत जे करते ते गावचे लेबल दहा वर्षांत करणार नाही. हे खरे आहे. पण मोठ्या कंपन्या आता चाललेले गाणे शोधत येतात. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे २०२४ मध्ये वॉर्नरच्या मालकीच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून जगभर गेले. मराठी बोलीचा ठसका तिथे अडथळा ठरला नाही. मोठ्या कंपनीशी व्यवहार करूच नये, असे इथे म्हणायचे नाही. ज्याच्या हातात मालकी आहे तो तिच्याशी बोलणी करतो आणि ज्याने ती आधीच दिली तो बातमी वाचतो. दहा गाण्यांतली नऊ बुडतात आणि दहाव्यावर कंपनी चालते, म्हणून तिला मालकी हवी, असेही सांगितले जाते. मोठी गुंतवणूक असेल तर मुदत लांब असावी, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो. साठ वर्षांचा निघत नाही.

तिसरा आक्षेप असा की ऑनलाइन ऐकण्यातून मिळणारे पैसे इतके थोडे आहेत की त्यांच्या वाट्यासाठी एवढी धडपड व्यर्थ आहे. आकडा लहान असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. या भागातल्या गायकाचे पोट मुख्यतः कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांवर चालते आणि मुद्रण ही त्या सुपाऱ्यांची जाहिरात असते. पण मग ती जाहिरात कुणाच्या पाटीखाली लागते, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. गाणे परक्या चॅनलवर गाजले तर श्रोते त्या चॅनलचे होतात. पुढच्या नवरात्रात तिथे दुसरा गायक असतो. चौथा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो मला सर्वांत विचारात पाडणारा वाटतो. देवीचे गाणे सगळ्यांचे आहे, त्यावर कुणी मालकी का सांगावी? पारंपरिक पद आणि चाल यांवर कुणाचा कॉपीराइट नसतोच. असतो तो विशिष्ट मुद्रणावर आणि नव्याने रचलेल्या शब्द-संगीतावर. तरीही यूट्यूबची स्वयंचलित जुळणी-यंत्रणा हा भेद नेहमी करतेच असे नाही. एका कंपनीने पारंपरिक चालीचे मुद्रण नोंदवले, तर तीच चाल पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्याच्या चित्रफितीवर हक्काचा दावा येऊ शकतो. म्हणजे मालकीचा प्रश्न गायकाने टाळला, तरी तो टळत नाही. दुसरा कुणी आधी उत्तर देऊन मोकळा होतो. परंपरा सर्वांची ठेवायची असेल, तर करारात तसे लिहावे लागेल : लेबलचा हक्क या मुद्रणापुरता, चालीवर आणि पदावर नाही.

या साऱ्यावरून धाराशिवसारख्या जिल्ह्यात लेबल कसे असावे, याची रूपरेषा निघते. आराधी मेळ्यांचे, गोंधळ्यांचे, भीमगीत गायकांचे सहकारी लेबल ही कल्पना इथे परकी नाही. साखर, दूध आणि पतपुरवठा यांतला सहकार जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. त्याने उभे राहिलेले संसार पाहिले तसे बुडालेले भागभांडवलही पाहिले. ‘पुन्हा सहकार कशाला?’ असे कुणी म्हटले तर ते अनुभवाचे बोल आहेत. फॅक्टरीचा धडा इथे कामाचा ठरतो. सभासदाने गाणे संस्थेच्या नावावर न करता फक्त मुदतीने वापरायला दिले, तर संस्था बुडाली तरी अवसायकाच्या यादीत गाणे येत नाही. संस्थेची दफ्तरे मात्र फॅक्टरीसारखी चालून भागणार नाहीत. कोणत्या गाण्याचे किती आले आणि कुणाला किती गेले, हे दर सहा महिन्यांनी सभासदाच्या हाती मिळाले पाहिजे. वादक आणि कोरस यांचा वाटा आधीच लिहून ठेवावा लागेल, कारण मेळ्याचे गाणे एकट्याचे नसते आणि लहान संस्थेतही पुढे बसणारा मागच्यांना विसरू शकतो.

पुढची प्रकरणे करारातली कलमे एकेक घेऊन तपासतात. ती वाचताना वकिलीचा अभ्यास करण्याची गरज नाही. चार गोष्टी शोधल्या तरी पुरे. मुदत किती, माध्यमे कोणती, हिशेब केव्हा आणि करार मोडला किंवा लेबल बंद पडले तर गाणे कुणाकडे येते. ही चार उत्तरे मराठीत लिहिलेली असावीत आणि ज्याला वाचता येत नाही त्याला सहीआधी वाचून दाखवावीत. ती समाधानकारक असतील तर मुंबईच्या मोठ्या कंपनीचा करारही स्वीकारण्याजोगा असू शकतो. ती नसतील, तर शेजारच्या आळीतल्या माणसाचे लेबलही खरेदीखतच पुढे करत आहे असे समजावे. लेबल लहान की मोठे, आपले की परके, हे त्यानंतर विचारावे.